छायाचित्रावर फांसलेला हरताळ

पोथ्या, मोडी कागद, ताम्रपट व शिलालेख यांचीं छायाचित्रें अलीकडे संशोधकांच्या हातीं जितक्या विपुलतेनें येऊं लागलीं आहेत, तितकीं तीं पूर्वीं कधींच येत नव्हतीं. ज्याच्या खिशांत दूरध्वनि आहे त्याच्या खिशांत कॅमेराहि आहे. आणि ज्याच्या हातीं कॅमेरा आहे त्याच्याच हातीं चित्र उजळण्याचीं, पुसण्याचीं, कापण्याचीं व जोडण्याचीं साधनेंहि आहेत. पूर्वीं हें काम अंधारकोठडींत बसून करावें लागे व त्यास कित्येक वर्षांची उमेदवारी लागे. आतां तें बोटाच्या टोंकानें होतें. तेव्हां छायाचित्र घेतल्यानंतर त्यांत फेरफार किती करावा, हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांच्या आपसांतील रुचीचा राहिलेला नाहीं. जे आपण त्या चित्रावरून शक वाचतों, हस्ताक्षर ओळखतों, कागद खरा कीं बनावट हें ठरवितों, त्या आपलाहि तो प्रश्न झाला आहे. त्याचा विचार छायाचित्रकारांच्या बाजूनें पुष्कळ झाला आहे. पोथीच्या बाजूनें व्हावा तितका झालेला नाहीं, म्हणून हा लेख.

या फेरफारास मराठींत सध्यां 'संपादन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द आपल्याच घरचा आहे. परंतु तो उचलून नेतांना त्याच्या पाठीवरचें ओझें तेवढें येथेंच टाकून दिलेलें दिसतें. ग्रंथाचा संपादक पाठ शोधितो, शुद्ध करितो, क्वचित् स्वतःच्या तर्कानें बसवितोहि. पण पोथींत मुळांत काय होतें हें सांगितल्यावांचून त्यास तसें करतां येत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली व १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति आपल्यापुढें आहे. १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या आदिपर्वांत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं जेथें पाठाची खात्री वाटली नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली, पाठभेद पानाच्या तळाशीं मांडले, आणि मागाहून शिरलेला म्हणून वगळलेला मजकूरहि पुसून न टाकतां निराळा छापून ठेवला. संपादकाशीं भांडण्यास लागणारीं सर्व हत्यारें संपादकानेंच वाचकाच्या हातीं दिलीं आहेत. छायाचित्राच्या संपादकाकडे अशी नागमोडी रेघ कोठें आहे?

यावर कित्येक जाणते छायाचित्रकार असें म्हणतात कीं, अस्पृष्ट छायाचित्र ही वस्तुच अस्तित्वांत नाहीं. भिंग निवडलें, उजेड मोजला, कीं संपादन सुरू झालें. अलीकडच्या यंत्रांत तर टिपलेल्या कच्च्या आंकड्यांचें चित्र होण्यापूर्वींच यंत्र आपल्या मनानें रंग, धार व उजेड ठरवून मोकळें होतें. हें म्हणणें खरें आहे. इतकेंच नव्हे, तर तें म्हणणाऱ्यांना वाटतें त्याहून अधिक खरें आहे, आणि जुन्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या संग्राहकानें तर तें मुखोद्गत करून ठेवावें.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची कांच, आणि तिच्यामागून आलेल्या साध्या कोरड्या कांचा, यांना निळा व जांभळा प्रकाश तेवढा चांगला दिसे. पिवळा फार थोडा दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें निळें आकाश चित्रांत कोरें पांढरें उतरे, आणि कुंकू, शेंदूर, हिंगूळ, गेरू हे सर्व काळे उतरत. सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा १९०६ च्या सुमारास विलायतेंत विक्रीस आल्या. त्यानंतरहि जुन्या तऱ्हेच्या कांचा पुष्कळ दिवस वापरांत होत्याच. आतां एखाद्या पोथीचें त्या काळचें छायाचित्र डोळ्यांपुढें आणावें. लेखकानें पुष्पिका, अध्यायसमाप्ति, दंड, 'उवाच' हीं स्थळें हिंगुळानें लिहिलेलीं असतात. चित्रांत तीं काजळीच्या शाईहून निराळीं दिसत नाहींत. ज्या ठिकाणीं चुकलेल्या अक्षरावर त्यानें पिवळा हरताळ लाविला, तें स्थळ प्रत्यक्ष पत्रावर फिकट व स्वच्छ असतें. चित्रांत तें काळसर डाग होऊन बसतें. मूळ पोथी न पाहिलेला वाचक तेथें शाई सांडली असें समजेल. कोणाहि माणसानें येथें हात लाविलेला नाहीं. कांचेनेंच 'संपादन' केलें.

तथापि या दाखल्यावरून 'मग कांहींहि केलें तरी सारखेंच' असें जें अनुमान काढलें जातें, तें मात्र फसवें आहे. कांचेचा खोटेपणा नियमबद्ध आहे. ती एका पानावर तांबडा काळा करील व दुसऱ्यावर करणार नाहीं, असें होत नाहीं. ज्याला नियम ठाऊक आहे तो उलट पावलीं चालत जाऊन मूळ गांठूं शकतो. व्याकरणांतील आगम, आदेश व लोप हेहि शब्दाचें मूळ रूप बदलतातच. पण ते सूत्रानें सांगितलेले असतात, म्हणून सिद्ध रूपावरून प्रकृति ओळखतां येते. छायाचित्रांत एखादें अक्षर पुसणारा, रेघ जोडणारा वा कोपरा भरून काढणारा हात हा सूत्रावांचून लोप, सूत्रावांचून आगम करीत असतो. मागाहून येणाऱ्याला परतीची वाटच राहत नाहीं.

हरताळाचा विषय निघालाच आहे तर त्याविषयीं चार शब्द अधिक लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. 'एखाद्या गोष्टीवर हरताळ फांसणें' हा आपला नित्याचा वाक्प्रचार पोथीलेखकांच्या याच कृतींतून आलेला आहे. दुकानें बंद ठेवण्याचा जो हरताळ, त्याची जात निराळी. तो गुजराथींतून आपल्याकडे आला. हा मात्र संस्कृत हरिताल, सोमलाचें एक पिवळें खनिज. तें खलून, गोंदांत कालवून अक्षरावर लावीत. यानें दोन कार्यें होत. चूक झांकली जाई, आणि येथें चूक झांकली आहे हें कायमचें नोंदलेंहि जाई. हरताळाचा ठिपका पाहून पाठचिकित्सकाला कळतें कीं येथें लेखकाचा हात अडखळला. एका ओळीवरून दुसरीवर डोळा घसरला, किंवा ज्या पोथीवरून तो उतरीत होता तिच्यांतच कांहीं अस्पष्ट होतें. कित्येकदां थर उडून खालचें अक्षर डोकावतें, व तेंच जुना पाठ ठरतें. अवरक्त प्रकाशांत छायाचित्र घेतलें तर काजळीची शाई काळीच राहते आणि हरताळ पुष्कळसा निवळतो, त्यामुळें झांकलेलें अक्षर वाचण्याची आशा धरतां येते. आमच्या जुन्या लेखकांचें पुसणें असें प्रामाणिक होतें. आजच्या पुसण्याला ठिपका नाहीं.

मी राहतों त्या ठाण्याच्या वागळे इस्टेटींत (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींपैकीं ही एक) छपाईचीं कामें करणाऱ्या लहान कारखान्यांची वाण नाहीं. एका स्नेह्यांच्या संग्रहांतील पोथीचें एक पत्र पुस्तिकेंत छापावयाचें होतें, म्हणून त्याचें छायाचित्र घेऊन आम्ही अशाच एका ठिकाणीं गेलों होतों. तेथील तरुण कारागिरानें पाव तासांत चित्र लख्ख करून पुढें ठेविलें व मोठ्या समाधानानें म्हणाला, "सर, सगळे डाग काढून टाकले." खरोखरच काढले होते. कसरीचीं भोकें बुजलीं होतीं, कागद दुधासारखा झाला होता, हरताळाचे ठिपके नाहींसे झाले होते. त्यांबरोबर ओळीच्या मध्यें गळलेलें अक्षर दाखविणारें काकपद गेलें होतें, समासांत बारीक अक्षरांनीं भरलेला तो गळलेला शब्द गेला होता, आणि ओळींच्या डोक्यावरचे कित्येक अनुस्वारहि गेले होते. धूळ व ओरखडे हुडकून काढणारी जी युक्ति त्या सॉफ्टवेअरमध्यें असते, ती भोंवतालापासून सुटा, लहान, काळा ठिपका शोधते. आणि अनुस्वार म्हणजे नेमका तोच. चिता आणि चिंता यांमध्यें एका बिंदूचेंच काय तें अंतर, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. यंत्राला कोणी सांगितलें नव्हतें. त्या तरुणास मी दोष देत नाहीं. लग्नांतल्या चेहऱ्यांवरचे डाग तो ज्या हातानें काढतो त्याच हातानें त्यानें हेहि काढले. व चेहऱ्याच्या बाबतींत गिऱ्हाइकाला हवें असतें तेंच तो देतो. आम्ही आमचें अस्पृष्ट चित्र छापावयास दिलें, एवढेंच.

चेहऱ्यांविषयीं येथें फारसें लिहीत नाहीं. आजोबांच्या तसबिरींतील देवीचे व्रण पेन्सिलीनें बुजविण्याची विद्या कांचेच्या निगेटिव्हांच्या काळापासून चालत आली आहे, आणि ज्या घरांत ती तसबीर लागावयाची त्या घराचा तो प्रश्न आहे. ती तसबीर उद्यां चरित्रग्रंथांत पुरावा म्हणून छापली गेली, म्हणजे मात्र तो घरचा राहत नाहीं.

माणसानें हात न लावतांहि अक्षर बदलल्याचा अलीकडचा दाखला विलक्षण आहे. २०१३ सालीं डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानें असें दाखवून दिलें कीं, झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर जातीच्या कांहीं यंत्रांवर कागद स्कॅन केला असतां त्यांतील ६ चे ८ होतात. कारण असें कीं, चित्र थोड्या जागेंत मावावें म्हणून यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृति एकच समजून एकीच्या जागीं दुसरी बसवीत असे. डाग नाहीं, पुसट नाहीं. स्वच्छ, ठसठशीत, परंतु चुकीचा अंक. पुसट अंकाविषयीं वाचक सावध असतो, ठसठशीत अंकावर तो विश्वासतो. म्हणून हा प्रकार अधिक घातक.

एका अंकाचें मोल काय असतें, हें ठाणें जिल्ह्यांतील वाचकांस तरी सांगावयास नको. कल्याणजवळील अंबरनाथाच्या शिवालयांत उत्तर शिलाहार राजा मुम्मुणि याच्या वेळचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं लेखाची सुधारलेली प्रतिकृति देऊन तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला, आणि तोच आज सर्वमान्य आहे. सात आणि नऊ यांच्या वळणांतील फरक तो काय. पण त्यानें देऊळ दोनशें वर्षें मागें गेलें होतें. शिलाहारांची वंशावळ पाहिली तर पहिल्या वाचनाची अडचण तत्काळ ध्यानांत येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शके ७७५ व ७९९ चे लेख दुसऱ्या कपर्दीचे आहेत. मग मधल्या ७८२ मध्यें मुम्मुणि कोठून यावा? उलट त्याचा वडील भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे, त्यापुढें ९८२ सहज बसतो.

येथें वंशावळ साक्षीला होती म्हणून निवाडा झाला. ज्या लेखाला अशी दुसरी साक्ष नाहीं, त्याचें एकुलतें एक छायाचित्र कोणी 'स्पष्ट' करून ठेविलें असेल तर? अंबरनाथचाच अंक अर्धवट झिजलेला असून छायाचित्रकारानें सद्बुद्धीनें त्याचें वळण थोडें गडद केलें असतें, तर तें त्यानें कोणत्या अंगानें गडद केलें असतें? जो शक त्यास ठाऊक होता त्याच्या अंगानें. भाऊ दाजींचे समकालीन असते तर ७ पुरा झाला असता, भगवानलालांचे असते तर ९. दोन्ही वेळां छायाचित्रानें वाचनाला पुष्टि दिली असती, आणि दोन्ही वेळां ती पुष्टि वाचनानेंच छायाचित्राला दिलेली असती. यास न्यायशास्त्रांत अन्योन्याश्रय म्हणतात. पुराव्याच्या कामांत याहून मोठा दोष मला ठाऊक नाहीं.

हा वाद आपल्या शास्त्रांत नवा नाहीं, हें येथें आठवण्यासारखें आहे. ठाण्यास १७८७ सालीं किल्ल्याजवळ खोदतांना निघालेला अरिकेसरीचा ताम्रपट 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या भागांत भाषांतररूपानें आला, त्या काळीं वाचकाला पंडितांच्या डोळ्यांवर सर्वस्वीं भिस्त ठेवावी लागे. पुढें शिलामुद्रित प्रतिकृति आल्या. पण १८७७ सालीं कनिंगहॅम यांनीं अशोकाच्या लेखांचा जो ग्रंथ काढला त्यांतील प्रतिकृति हातानें काढलेल्या असल्यामुळें अक्षर दगडांतलें किती व रेखाटणाऱ्याचें किती, हा संशय उरेच. १८८८ सालीं गुप्तलेखांचा ग्रंथ सिद्ध करतांना फ्लीट यांनीं यांत्रिक ठशांवरून तयार केलेल्या प्रतिकृतींचा आग्रह धरला, आणि अशोकाच्या लेखांची नवी आवृत्ति हुल्ट्श यांनीं १९२५ सालीं ठशांसह दिली. ठशावर मागाहून कुंचला फिरवूं नये, ही शिस्त आपल्या पूर्वसूरींनीं अशी पायरी पायरीनें मिळविली आहे. आज तिच्यावर पाणी सोडण्याचें कारण काय, तर चित्र 'छान' दिसतें.

मुंबईच्या छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंतहि हा प्रश्न उभा होताच. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींतील प्रमुख एतद्देशीय सभासदांपैकीं. (एक भाऊ लेख वाचणारा व दुसरा छायाचित्रें घेणारा, असा योग पुन्हां क्वचितच आला असेल.) याच मंडळींतील विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या पौर्वात्य जातींचा एक मोठा चित्रसंग्रह १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत लंडन येथें प्रसिद्ध केला. पहिला भाग गुजराथ, कच्छ व काठेवाड येथील लोकांचा, दुसरा महाराष्ट्रांतील लोकांचा. जुनीं वस्त्रें, पागोटीं, दागिने यांचा अभ्यास करणारे या ग्रंथाकडे वारंवार वळतात, व तें योग्यच आहे. पण त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसें एका ठिकाणीं घेतलेलीं, देखावा दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोन्ही कापून एकत्र बसविलेलीं, असा प्रकार आहे. त्या काळच्या मंद कांचांपुढें घोळक्याला उघड्यावर निश्चळ उभें करणें किती कठीण होतें हें लक्षांत घेतलें तर जॉन्सनला फार दूषण देतां येत नाहीं. तरी परिणाम चुकत नाहीं. पागोट्याचा अभ्यास करणारा येथें सुरक्षित आहे. तीं माणसें कोणत्या घाटावर, कोणत्या देवळापुढें, कोणत्या रस्त्यावर वावरत हें या चित्रांवरून सांगूं पाहणारा फसला. म्हणजे एकाच पानावर अर्धा पुरावा खरा व अर्धा कल्पित, आणि त्यांच्यामधली शीव कोणी आंखून दिलेली नाहीं. महाभारताच्या पोथ्यांत प्रक्षेप असतात ते असेच, मूळच्या श्लोकांत बेमालूम मिसळलेले. १९८२ च्या फेब्रुवारींत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर, आडवें चित्र उभ्या पृष्ठांत मावावें म्हणून, इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले गेले तेव्हां मोठी ओरड झाली. तो प्रक्षेप निदान लगेच ओळखला गेला.

मग मर्यादा कोठें आंखावी? शास्त्रीय नियतकालिकांनीं यावर एक नियम बसविला आहे. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाच्या संपादकमंडळानें २००४ च्या सुमारास तो स्पष्टपणें मांडला. त्याचें तात्पर्य असें कीं, उजेड-अंधार संपूर्ण चित्रावर सारखा बदलण्यास हरकत नाहीं, परंतु चित्रांतील एखादाच भाग उठावदार करणें, झांकणें, हलविणें वा काढणें वर्ज्य. आणि निरनिराळीं चित्रें जोडलीं तर जोड उघड दिसला पाहिजे. नियम चांगला आहे. नियमबद्ध विकार व सूत्रावांचून लोप असा जो भेद वर केला, त्याच्याशीं तो जुळतोहि.

पण पोथीच्या कामीं तो पुरा पडत नाहीं, असें माझें मत आहे. संपूर्ण पत्रावर सारखाच विरोध वाढवीत गेलें, तर शेवटीं पानावर काळें व पांढरें एवढेंच उरतें. ग्रंथालयांतून मिळणारीं कित्येक स्कॅन अशीं असतात. अक्षर वाचावयास तीं सोयीचीं. परंतु हरताळ, गेरूच्या खुणा, दोन हातांच्या शायांतील फिकेपणाचा भेद, पाठच्या पृष्ठावरून उमटलेलें अक्षर, पाण्याचा डाग, हें सर्व एकदमच जातें. कोणत्याहि एका भागाला हात लाविलेला नाहीं, नियम मोडलेला नाहीं, तरीहि पुरावा बुडाला. तसेंच कापण्याचें. समास कापला कीं पत्रांक जातो, ग्रंथनामाचीं आद्याक्षरें जातात. मोडी पत्राची पाठ छापण्याजोगी नाहीं म्हणून कोणी तिचें छायाचित्रच घेत नाहीं. आणि 'बार', 'सूद' यांचे शेरे व लांब कागदाच्या जोडावरील शिक्के पाठीवरच असतात. कागद अस्सल कीं बनावट याचा कौल पुष्कळदां तेच देतात. छायाचित्रकाराला ही कडेची घाण वाटते. दफ्तर चाळलेल्या माणसाला विचारा.

संपादन छायाचित्रापूर्वींहि होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. वीरगळ, गद्धेगाळ व शिलालेख यांच्या अक्षरांत खडू किंवा चुना भरून मग चित्र घेण्याची चाल हौशी मंडळींत अजून आहे. चुना भरणारा आधीं अक्षर वाचतो, मग भरतो. जें त्याला दिसलें नाहीं तें कोरडें राहतें, जें त्यानें कल्पिलें तें पांढरें होतें. कॅमेरा मग अगदीं प्रामाणिकपणें त्याची कल्पना टिपतो. त्याऐवजीं दगडाच्या एका कुशीस दिवा धरून तिरप्या उजेडांत, दिशा पालटीत, चार-सहा चित्रें घ्यावींत. उजेड दगडाला शिकवीत नाहीं. २००१ सालीं टॉम मॅल्झबेंडर यानें अशा अनेक दिशांच्या चित्रांना एकत्र गुंफून पृष्ठभाग पडद्यावर हवा तसा उजळून पाहण्याची रीत काढली, ती शिलालेखांस फार उपकारक ठरली आहे. हेंहि संपादनच, आणि साधें नव्हे तर भारी संपादन. पण तींतील प्रत्येक मूळ चित्र जागच्या जागीं शाबूत असतें.

म्हणून 'कांहींच फेरफार करूं नये' असें म्हणणाऱ्या सोंवळ्या पक्षांत मी नाहीं. झिजलेल्या ताम्रपटाचें, कुजलेल्या भूर्जपत्राचें चित्र हवें तितकें उजळा, रंग उलटे करा, अवरक्तांत घ्या, वाचनाला उपयोग होईल तें सर्व करा. मात्र त्या चित्रास वाचन म्हणा, मूळ म्हणूं नका. कॅमेऱ्यानें टिपलेली कच्ची प्रत निराळी, अस्पृष्ट ठेवा; तीच आपली आदर्श पोथी. घेतांना पत्राशेजारीं मापाची पट्टी व रंगांची पट्टी ठेवा. चारी समास व पाठ घ्या. छापतांना चित्राखालीं एका ओळींत काय केलें तें लिहा: उजेड वाढविला, तांबडा वेगळा काढला, डावा कोपरा दुसऱ्या छायाचित्रावरून जोडला. ही एक ओळ म्हणजेच आमची नागमोडी रेघ. जागा लागते किती? आणि फाटलेला भाग आपल्या बुद्धीनें 'भरून' देणारीं जीं नवीं यंत्रें आलीं आहेत, त्यांना हस्तलिखिताजवळ फिरकूं देऊं नये. तीं पुसट अक्षर वाचीत नाहींत. पूर्वीं पाहिलेल्या लक्षावधि चित्रांवरून तेथें काय शोभेल तें रंगवितात. पोथीलेखक निदान शेवटीं जसें दिसलें तसें उतरलें अशी ग्वाही देऊन दोष आपल्यावर घेऊं नका म्हणून विनवितो. या यंत्राला पुष्पिका नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला? मूळ पोथी आहेच कीं. ती असतेच असें नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची जी प्रत फार जुनी म्हणून छापली, तिची आधारभूत पोथी पुढें अभ्यासकांच्या दृष्टीस राहिली नाहीं. त्या प्रतीची भाषा खरोखर किती जुनी, राजवाड्यांचें वाचन किती व पोथीचें किती, यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें. चार पत्रांचें छायाचित्र हाताशीं असतें तरी वादाचें स्वरूप पालटलें असतें. आणि तीं चार पत्रें कोणी 'स्वच्छ' केलेलीं असतीं, तर तीं नसल्यासारखींच. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर मंदिरांत जमावानें जी नासधूस केली, ती आठवली म्हणजे शंभर वर्षें जपलेला संग्रहहि एका दुपारीं धोक्यांत येऊं शकतो हें कळतें. खासगी संग्रहांची कथा तर याहून वाईट. वाळवी आहे, वांटण्या आहेत, रद्दी आहे.

१८६८ सालीं मुंबई सरकारनें अंबरनाथच्या देवळाचीं रेखाटनें व मूर्तींचे सांचे करविले, आणि १८७४ च्या 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें त्या देवळावर सचित्र लेख आला. त्यापूर्वींचीं वा त्या सुमाराचीं या देवळाचीं, विशेषतः उत्तर द्वाराचीं, जुनीं छायाचित्रें कल्याण, ठाणें व मुंबईच्या घरांतून अद्यापि पडून असण्याचा संभव आहे. ज्या कोणा वाचकाजवळ अशीं असतील त्यांनीं तीं न पुसतां, न उजळतां, पुठ्ठ्याच्या पाठीवरील अक्षरांसह व कडांसह टिपून मंडळाकडे कळवावें. शेंदूर त्यांत काळा दिसेल, आकाश पांढरें दिसेल. तसेंच राहूं द्यावें.